चौदा नंबरचा बिल्ला

आमच्या विभागीय स्काउट परिषदेला पंचाहत्तर वर्षं झाली आणि तिचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, मीच मान पुढे केली होती. एकतीस वर्षं मी चिटणीस आहे. कुठल्या कपाटाला कुठली किल्ली लागते, हे माझ्याशिवाय इथे कोणाला ठाऊक नाही.

इतिहास म्हणजे बहुतेक भांडणंच निघाली. तीन जिल्ह्यांची तीन मंडळं एकत्र आली, तीसुद्धा एका मोठ्या तंबूवरून हमरीतुमरी झाल्यावर. मग स्कार्फ हिरवा की निळा, यावर दोन वर्षं बैठका. वर आयुक्त, त्यांच्याखाली तीन उपायुक्त, त्यांच्याखाली पथकप्रमुख, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा डोलारा उभा केला ती पोरं सगळ्यांत खाली. मी हे चवीचवीनं लिहीत होतो. शेवटी पथकप्रमुखांची यादी जोडली, एकशे बारा नावांची. त्यातून एक नाव मी जाणूनबुजून वगळलं होतं.

ते सरांचं. शाळेत आम्हांला भूगोल शिकवायचे आणि पथकही तेच चालवायचे. मी अकरा वर्षांचा असताना तळ्याकाठच्या शिबिरात आमच्यातला एक मुलगा बुडाला. आम्हांला त्याच दुपारी बसमध्ये घालून घरी पाठवलं. तो पोहून बाहेर आला होता आणि कोणाला न सांगता परत पाण्यात गेला, असं घरी आई म्हणाली. मीही तेच धरून चाललो.

चौकशीचा अहवाल मी मोठेपणी वाचला, चिटणीस झाल्यावर. तळ्याकाठी एक फळी असायची. फळीवर खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर एकेका मुलाचा नंबर घातलेला लाकडी बिल्ला. पाण्यात उतरताना आपला बिल्ला लाल बाजूने लावायचा, बाहेर आल्यावर पांढऱ्या. आपला बिल्ला आपणच उलटवायचा. सगळी फळी पांढरी दिसली की सर शिट्टी वाजवायचे आणि पथक जेवायला निघायचं. त्या दिवशी फळी पांढरी होती. चौदा नंबर मात्र तळ्याच्या तळाशी होता.

अहवालात लिहिलं होतं, 'परतण्याच्या घाईत पथकप्रमुखांनी स्वतःच बिल्ला उलटवला असावा, असे मानण्यास जागा आहे.' सरांनी ते नाकारलं नाही. 'फळी मी पाहिली, जबाबदारी माझी,' एवढंच त्यांचं म्हणणं नोंदवलेलं होतं. परिषदेनं त्यांना काढून टाकलं, मागोमाग शाळेनंही. पुढे ते सिमेंटच्या गोदामात पोती उतरवून घेण्याचं काम करायचे, असं कानावर होतं. मला वाईट वाटलं नाही. चांगलं झालं, असंच वाटलं. मी नियमाचा माणूस.

रोज एक सत्कृत्य करायचं आणि वहीत लिहायचं, हा स्काउटचा नियम मी बावन्न वर्षं पाळत आलोय. बायको यावरून माझी फिरकी घेते. "पिशवी उचललीत ना? आता लिहून टाका, नाहीतर पुण्य वाया जायचं!" मी हसतो आणि लिहितो. भरलेल्या वह्यांनी कार्यालयातला एक आख्खा खण अडवलाय.

गेल्या मंगळवारी सरांची मुलगी कार्यालयात आली. साठीकडे झुकलेली, दवाखान्यात परिचारिका. सर दोन महिन्यांपूर्वी गेले, हे तिनंच सांगितलं.

"इतिहास लिहिताय म्हणे तुम्ही," ती म्हणाली. "बाबांचं नाव यादीत येईल का? एवढंच विचारायला आलेय. चौदा वर्षं पथक चालवलं त्यांनी."

मी तिला नियम ऐकवला. काढून टाकलेल्या माणसाचं नाव परत घ्यायचं, तर कारण लेखी लागतं. ते समितीपुढे ठेवावं लागतं. कारण काय लिहू? मी आवाज मऊ ठेवला होता, पण मनातून मला त्या नकाराचं समाधानच होतं.

"बरं," ती म्हणाली. वाद घातला नाही. पिशवीतून एक शिट्टी, विरलेला स्कार्फ आणि एक छोटी वही काढून तिनं टेबलावर ठेवली. "हे परिषदेचंच आहे, म्हणून आणलं. वहीवर तुमचं नाव दिसलं. बाबांच्या ट्रंकेत तळाशी होती, कापडात बांधलेली."

ती माझी वही होती. शिबिरात आम्ही जेवणाआधी वह्या सरांच्या पेटीत टाकायचो. सर प्रत्येक सत्कृत्यापुढे लाल शाईनं बरोबरची खूण करून वही परत द्यायचे. त्या शिबिरानंतर सगळ्यांना वह्या परत मिळाल्या, माझी तेवढी नाही. सर मुद्दाम आमच्या घरी आले होते. "तुझी वही पाण्यात भिजली रे, फुकट गेली," म्हणाले आणि नवीकोरी वही हातात दिली. "लिहीत राहा." ती आमची शेवटची भेट.

या वहीला पाण्याचा थेंबही लागलेला नव्हता. मी शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. अक्षर माझंच, वळणदार, शाबासकी मिळवण्यासाठी काढलेलं.

'आज १४ नंबर आपला बिल्ला उलटवायला विसरला. सगळे कपडे घालत होते आणि त्याचाच लाल होता. विसरणाऱ्याला पातेली घासावी लागतात. त्याला शिक्षा होऊ नये म्हणून मी तो पांढरा केला. त्याला सांगितले नाही, कारण सत्कृत्य सांगायचे नसते.'

पुढे लाल खूण नव्हती.

मला हे आठवत नव्हतं. शपथेवर सांगतो, आजही आठवत नाही. फळी आठवते, ओल्या टॉवेलांचा ढीग आठवतो, पण माझा हात आठवत नाही. रोजच्या एका सत्कृत्यातलं ते एक, कोण लक्षात ठेवतो? एक पोर माझ्या भलेपणानं मेलं होतं. एक माणूस बावन्न वर्षं त्याचा बोल सोसत राहिला आणि मी इथे खुर्चीत बसून त्याचं नाव वगळत होतो.

"काय लिहिलंय त्यात?" तिनं विचारलं.

वही मिटून खणात टाकता आली असती. तिनं ती वाचलेली नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. खणाच्या मुठीवर माझा हात गेलाही होता, तेही लपवत नाही. मग मी वही तिच्याकडे सरकवली.

तिनं चष्मा लावला. दोनदा वाचलं.

"म्हणजे त्यांना माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"आईलासुद्धा सांगितलं नाही त्यांनी. माझी आई गेली ना, तेव्हा खांदा द्यायला चार माणसं मिळाली नाहीत. पोर बुडवणाऱ्याची बायको म्हणून. बाबा दारोदार गेले होते. हात जोडून."

"मी अकरा वर्षांचा होतो," एवढंच तोंडातून निघालं, आणि निघताक्षणीच लाज वाटली.

"ठाऊक आहे. म्हणूनच गप्प बसले असतील." तिनं चष्मा काढला. "माफ केलं, असं म्हणायला मी आलेले नाही. नाव घालता की नाही, तेवढं सांगा."

मी यादी पुढे ओढली आणि एकशे तेरावं नाव लिहिलं. मग समितीसाठीचा कागद घेतला. कारण या शब्दापुढे वहीतला मजकूर जसाच्या तसा उतरवला आणि खाली लिहिलं की, तो मुलगा म्हणजे या इतिहासाचा लेखक. सही केली. समिती ते छापेल की दडपेल, माहीत नाही. आयुक्तांचा स्वभाव मला ठाऊक आहे.

ती उठली. दाराशी थांबून तिनं माझ्या टेबलावरच्या चालू वहीकडे पाहिलं. तारीख घातलेली होती, पुढे कोरं.

"एक करा," ती म्हणाली. "हे आजचं सत्कृत्य म्हणून तिथे लिहू नका."

मी लिहिलं नाही. त्या दिवसानंतर वही उघडलेलीच नाही.