गुणाचं लेकरू

लेकरू रडत नव्हतं, आणि वॉर्डात सगळ्यांना त्याचं कोण कौतुक.

"मोठं गुणाचं लेकरू हाय वं तुयं," शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली. "आमचं पाय, सकाळपासून डोस्कं खाऊन राहिलं."

चंद्रकला उताणी पडली होती. पहाटे पाठीत सुई देऊन तिचं सीझर झालं होतं आणि कमरेखालचं अंग अजून पुरतं तिच्या ताब्यात आलं नव्हतं. डाव्या हाताला सलाइन, डोक्याखाली उशी नाही. उद्यापर्यंत मान उचलायची नाही, उचलली तर आठवडाभर डोकं भिंतीवर आपटावंसं वाटेल, असा डॉक्टरीणबाईंनी दम भरला होता. तेव्हा तिला दिसत होता तो छताचा बंद पंखा. डोळे अगदी खाली ताणले की खाटेच्या पायथ्याशी, खिडकीखाली ठेवलेल्या लोखंडी पाळण्याच्या गजांचा एक तुकडा दिसे. पोरगी दिसत नव्हती.

नागपूरकरांना आपल्या उन्हाळ्याचा फार अभिमान. त्यापायी पौषातली थंडी ते दरवर्षी विसरतात आणि दरवर्षी कुडकुडतात. हा सरकारी दवाखानाही बांधला तो उन्हाळाच डोळ्यांसमोर ठेवून. छत उंच, खिडक्या माणसाएवढ्या, आणि त्यातल्या दोनतीन तरी धड लागत नसत. वैशाखात हवा खेळावी म्हणून केलेली ही सोय पौषातही इमानेइतबारे चालू असायची.

चंद्रकलाला असलं गुणाचं लेकरू माहीत होतं. तीन वर्षांमागं, याच दिवसांत, गोळीबार चौकामागच्या त्यांच्या घरी पहिला मुलगा झाला. सुईणीनं त्याला लगोलग न्हाऊ घातलं, तो न्हाताना टाहो फोडून रडला आणि मग गप्प झाला. वस्तीतल्या बायका आल्या, किती शांत आहे म्हणाल्या. पाय गार लागले तेव्हा पौषच आहे म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो गेला, तोही न रडता. चंद्रकलाच्या कानात ती शांतता तेव्हापासून बसली होती, आणि आता ती पुन्हा पायथ्याशी येऊन बसली होती.

त्या पोराच्या जाण्याचा ज्यानं त्यानं आपापला अर्थ लावला होता. सासू रुख्माबाईंचं म्हणणं, न्हाऊ घालायच्या आधी शेजारणीनं त्याला मांडीवर घेतलं, तिथं सगळं नासलं. न न्हायलेल्या लेकराला बाळंतीण आणि न्हाऊ घालणारी सोडून कुणी शिवायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. ती एकदा मोडली आणि त्याची किंमत रुख्माबाईंनी मोजली. आता ब्रह्मदेव खाली आला तरी त्या मोडणार नव्हत्या.

डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे डॉक्टर अरुंधतींनी, हीच हकीगत ऐकली आणि म्हणाल्या, "आंघोळीनंच गेलं ते." डॉक्टर अरुंधती महाल या जुन्या पेठेतल्या, वकिलांच्या घरातल्या. शिकायला हुशार, बोलायला फटकळ, मनानं वाईट नाहीत. थंडीच्या दिवसांत जन्मलेल्या बाळांचं अंग किती गार पडतं, यावर त्यांचा मोठ्या परीक्षेसाठी अभ्यास चालला होता. निम्म्या बाळांना जन्मल्याबरोबर न्हाऊ घालायचं, निम्म्यांना दुसऱ्या दिवशी, आणि दोन्ही गटांच्या अंगाची ऊब मोजून बघायची. चंद्रकलाची पोरगी दुसऱ्या दिवशीच्या गटात आली. अभ्यास चोख व्हायचा तर सगळ्या बाळांना सारखंच वागवायला हवं, म्हणून प्रत्येकाला दोनच फडकी, प्रत्येकाचा पाळणा खिडकीखाली ठरल्या जागी.

त्यांचा हिशेब मात्र जुळत नव्हता. सकाळीच त्या सिस्टरला वैतागून म्हणाल्या होत्या, "न न्हायलेली बाळं गरम राहायला पाहिजेत. मग हीच काहून जास्त गार निघून राहिली?" सिस्टरला काय ठाऊक. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून लेक्चरला निघून गेल्या.

तर असं होतं. डॉक्टर म्हणत होत्या, उद्यापर्यंत न्हाऊ घालायचं नाही. सासू म्हणत होती, न्हाऊ घातल्याशिवाय हात लावायचा नाही. दोघीही पोरीच्या भल्यासाठीच म्हणत होत्या, आणि दोघींच्या भलेपणात पोरगी पहाटेपासून एकटी पडली होती.

"आत्याबाई," चंद्रकलानं हाक मारली. "पोट्टी हालते का?"

रुख्माबाई पाळण्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. सकाळपासून त्या खाली बसल्या नव्हत्या. दोनदा सिस्टरच्या हातापाया पडून आल्या होत्या, बादलीभर गरम पाणी द्या, माझी नात मी न्हाऊ घालते म्हणून. एकदा त्यांनी आपलं जुनं लुगडं वरूनच पोरीच्या अंगावर टाकलं. सिस्टरनं ते उचलून परत दिलं, दोनच फडकी म्हणाली.

"झोपली हाय," रुख्माबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज काही खरा वाटला नाही.

"ओठ कसे दिसून राहिले?"

रुख्माबाई वाकल्या, पण हात पाठीमागं धरूनच. बराच वेळ त्या वाकलेल्याच होत्या.

"काळसर," त्या म्हणाल्या.

चंद्रकलानं सिस्टरला हाक मारली. सिस्टर आली, तिनं पोरीच्या काखेत थर्मामीटर धरलं, उजेडात फिरवून पाहिलं. पारा तळालाच होता. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. "ये भी खराब," म्हणून तिनं ते झटकलं आणि खिशात टाकलं. ते बिचारं खराब नव्हतं. साध्या थर्मामीटरवर पंच्याण्णवच्या खाली आकडेच नसतात. खालचं दाखवणारं वेगळं थर्मामीटर दवाखान्यात एकच होतं, ते डॉक्टर अरुंधतींच्या पर्समध्ये, आणि पर्स लेक्चरला गेली होती.

"सिस्टर, तिले माह्याजवळ द्या नं. थंडी लागून राहिली तिले."

"डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. तुम हिलो मत, बाई." सिस्टर पलीकडच्या वॉर्डात गेली.

चंद्रकला पंख्याकडे बघत राहिली. तिला रडू यायला लागलं, पण उताणं पडून रडलं की पाणी कानात जातं, आणि पुसायला मोकळा हात एकच. आयुष्यभर ती ऐकत आली होती. बापाचं ऐकलं, सासूचं ऐकलं, इथं डॉक्टरांचं ऐकलं. मागच्या खेपेलाही सगळ्यांचं ऐकलंच होतं. तिला या सगळ्यांचा संताप आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

"आत्याबाई, तुमी पोट्टीले शिवू नोका," ती म्हणाली. "पाळणा तं सरकवान?"

रुख्माबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"लोखंडाचा हाय," चंद्रकला म्हणाली. "लोखंडाले काय विटाय. अन् मी तं बाळंतीण. मले काय होते तिले शिवून?"

"तुले मान उचलू नोको म्हनलं."

"म्हनलं."

"पोटाले टाके हायेत."

"आत्याबाई, मांगच्या वेळी असंच गुमान होतं जी ते."

रुख्माबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पदर खोचला, पाळण्याचे गज धरले आणि तो ओढत खाटेच्या उशाकडे आणला. चाकं अशी किंचाळली की सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. डॉक्टरांची ठरलेली जागा तिथंच राहिली.

चंद्रकलानं मान उचलली. खांदे उचलले. टाक्यांत कळ आली, डोळ्यांपुढं अंधारी आली, पण ती उजव्या कुशीवर तेवढी वळली आणि सलाइनचा हात गजांवरून आत घातला. सुई निसटली, मनगटावरून रक्त ओघळलं. फडक्याचं टोक हाती लागलं. तिनं ते ओढलं, दुसरा हात पोरीखाली घातला आणि तिला गजांवरून उचलून आपल्याकडे घेतलं. पोरगी हाताला रात्रभर अंगणात राहिलेल्या घागरीसारखी गार लागली. चंद्रकलानं दोन्ही फडकी सोडून टाकली, पोलक्याची बटणं काढली आणि ते एवढंसं उघडं अंग आपल्या उघड्या छातीवर ठेवून वरून लाल कांबळं गळ्यापर्यंत ओढलं. मग तिनं मान खाली टाकली.

"सिस्टर येऊन राहिली," शेजारची म्हणाली.

आणि रुख्माबाईंनी, ज्यांनी सकाळपासून पोरीला बोटही लावलं नव्हतं, खाटेच्या कडेला उभं राहून पदर चांगला ऐसपैस पसरला. तोच पदर कांबळ्यावर पडला, कांबळ्याखाली लेकरू होतं, पण त्यांनी तो काढून घेतला नाही. "झोपली हाय बाई आत्ताच," त्या सिस्टरला म्हणाल्या. "जागी करू नोका." पाळणा त्यांच्या मागं दडला होता. सिस्टर दारातूनच मागं फिरली.

पोरगी गारच होती. चंद्रकला तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली, एकाच जागी, न थांबता. आपली ऊब तिच्यात जाते की तिचाच गारठा आपल्यात येतो, तिला समजेना. ती घाबरली होती. तिच्या पोटातून कळा उठत होत्या, पण हात चालूच होता.

दुपार कलता कलता डॉक्टर अरुंधती आल्या. ठरल्या जागी पाळणा नाही, हे त्यांना दारातूनच दिसलं. झपाझप आल्या, पदराआड नजर टाकली आणि त्यांचा पारा चढला. "हे काय? मान उचलली तुम्ही? सलाइन काढली? बाळ द्या इकडे. पाळण्यातच पाहिजे ते, नाहीतर अभ्यासातून बाद होईल."

"बाद करा," चंद्रकला म्हणाली.

डॉक्टरांना असं कुणी बोलत नसे.

"मोजाचं हाय तं मोजा," चंद्रकला म्हणाली, "पन इथंच मोजा. मी नाई सोडत तिले."

डॉक्टरांनी पर्समधून ते थर्मामीटर काढलं. रागानंच काढलं, रागानंच लावलं. मग खिडकीकडे धरून वाचलं, आणि राग कुठल्या कुठं गेला. पुन्हा लावून पुन्हा वाचलं. न न्हायलेल्या बाळांत एवढी ऊब त्यांना आजवर सापडली नव्हती.

"ही आंघोळीशिवायची?" त्यांनी विचारलं.

"तुमीच तं नाई म्हनलं," रुख्माबाई म्हणाल्या.

"आजी, सकाळपासून तुम्ही हिला घेतलं नाही?"

"न न्हायलेलं लेकरू कोन घेते बाई? तुमच्या घरी घेतेत का?"

महालातल्या वकिलांच्या घरीही घेत नसत. डॉक्टर अरुंधतींनी स्वतःही, एवढी बाळं मोजली, एकाला कधी छातीशी धरलं नव्हतं. त्यांनी वळून खिडक्यांखालच्या पाळण्यांकडे पाहिलं. न्हायलेली बाळं मोजण्यापुरतीच पाळण्यात येत; आत्ता ती आज्यांच्या, मावश्यांच्या मांड्यांवर होती. पाळण्यात पडून होती ती सगळी त्यांच्याच दुसऱ्या गटातली. प्रत्येकाजवळ एकेक म्हातारी हात मागं बांधून उभी, आणि त्यातलं एकही बाळ रडत नव्हतं.

डॉक्टर थर्मामीटर हातात धरूनच पुढच्या पाळण्याशी गेल्या, त्यातलं बाळ उचललं आणि हातातलं काय कुठं ठेवावं ते न सुचून तसंच पदराखाली घेतलं.

तेवढ्यात कांबळ्याखाली पोरगी हलली. आधी कुरकुरली, मग तिनं असा काही टाहो फोडला की पलीकडच्या वॉर्डातून सिस्टर धावत आली. चंद्रकलाचं डोकं ठणकायला लागलं होतं, आणि डॉक्टरांनी म्हटलं होतं तसं ते आठवडाभर ठणकणारच होतं.

"गप कर वं तिले," शेजारची बाई म्हणाली. "किती रडते."

"रडू दे," रुख्माबाई म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसता पुसता त्यांनी कांबळ्यात हात घालून पोरीचे पाय चाचपले.