केबलचे साडेवीस फेरे

काटा साठावर होता आणि तुर्भ्याच्या अलीकडे पाण्याचा टँकर नफिसाला मागे टाकून गेला. त्यामागून स्कूलबस गेली. मग एक टेम्पो, वर उभं कपाट दोरीने बांधलेलं. टेम्पोवाल्याने जाता जाता मान बाहेर काढली. "आंटी, धक्का देऊ का?"

"मीटर खोटं बोलतोय," नफिसा शेजारी बसलेल्या धाकट्या भावाला म्हणाली.

"मीटर एकदम ओके आहे, आपा," शोएब म्हणाला. "तूच हल्ली हळू चालवतेस. वय झालं."

नफिसा मुकादम अठ्ठावन्न वर्षांची. नेरूळच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून नुकतीच रिटायर झालेली. गाडी अब्बांची, अठ्ठ्याहत्तर सालची फियाट. पाच महिन्यांपूर्वी ती लेकीच्या बाळंतपणासाठी महाडला गेली, तेवढ्यात शोएबने गाडीचा गिअरबॉक्सच बदलून टाकला. कुठल्याशा व्हॅनचा, पाच गिअरचा. स्टिअरिंगपाशी असलेला गिअरचा दांडा आता खाली पायापाशी आला होता आणि नफिसाचा हात अजूनही दर सिग्नलला हवेतच जाऊन चाचपडत होता. जुना गिअरबॉक्स भंगारात. विचारलं कुणाला? कुणालाच नाही.

घरी येऊन तिने फोनवर वेग दाखवणारं ॲप लावलं, फोन डॅशबोर्डला चिकटवला आणि सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर एक चक्कर मारली. काटा चाळिसावर, फोन म्हणतोय पंचवीस. काटा साठावर, फोन म्हणतोय सदतीस. 

त्यानंतरचे तीन आठवडे तिने तीन गॅरेजं केली. पहिल्याने मीटरला फिरवणारी केबल बदलली. दुसऱ्याने मीटर खोलून तेल सोडलं आणि पुन्हा केबल बदलली. तिसरा म्हणाला, "मॅडम, या गाडीत मीटर बघतं कोण? रोडवर बाकीचे चालतात तसं चालायचं." नफिसाने त्याच्याकडे अशी नजर टाकली की नववीचा अख्खा वर्ग गप्प बसला असता. तो काही गप्प बसला नाही.

शेवटी शिरवण्यात बाजीराव साळवे सापडले. सत्तरीचे, मूळचे जालन्याकडचे, चाळीस वर्षं फियाटमध्ये हात काळे केलेले. त्यांनी गाडीखाली एकदा डोकावलं आणि उठून हात पुसले.

"मीटरला काही झालं न्हाई, ताई. केबललाबी न्हाई. मीटरच्या या डबड्याला एका किलोमीटरला केबलचे सहाशे चाळीस फेरे लागतात. केबल फिरते गिअरबॉक्सवर, आन् हा नवा गिअरबॉक्स किती फेरे देतोय, ते मोजलं कुणी?"

तीन आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी मोजायची भाषा केली होती. नफिसाला रडू यायचंच बाकी होतं.

बाजीरावांनी मीटरच्या मागून केबल काढली, आतल्या तारेच्या टोकाला पुठ्ठ्याचा बाण चिकटवला आणि गल्लीत टेपने वीस मीटर आखले. गाडी न्यूट्रलमध्ये. ते खिडकीतून स्टिअरिंग धरून चालणार, शोएब मागून ढकलणार, नफिसा आत बसून फेरे मोजणार.

"अकरा, बारा, तेरा..."

"आपा, तू उतरून मोज ना, जड होतंय!"

"चौदा... पंधरा... शोएब, गप्प बस! कितवा होता हा?"

परत पहिल्या रेघेवर. दुसऱ्यांदा मध्ये भाजीची हातगाडी आली. तिसऱ्यांदा शोएबला फोन आला आणि त्याने ढकलता ढकलता तो घेतला. चौथ्यांदा जमलं. साडेवीस. नफिसाने पावतीच्या पाठीवर हिशोब मांडला. किलोमीटरला एक हजार पंचवीस. काटा एक पूर्णांक सहा दशांश पट पुढे पळत होता.

केबलच्या मध्ये एक छोटी डबी घालायची, तिच्यात एक चाक दहा दात्यांचं आणि एक सोळा, असं ठरलं आणि नफिसाने ते कागदावर काढून दिलं. ही डबी तुर्भ्याच्या लेथवाल्या श्यामसुंदरने चार दिवसांत बनवून दिली. सुबक काम. बाजीरावांनी बसवली, नफिसा रस्त्यावर गाडी घेऊन गेली, आणि काटा शून्यावरून हललाच नाही. उलट शून्याच्या मागे जाऊन खुंटीला थरथरत टेकून बसला.

"घ्या!" शोएब म्हणाला. "आधी निदान काहीतरी दाखवत तरी होता."

नफिसाने गाडी कडेला घेतली आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. एकमेकांना लागलेली दोन चाकं उलटसुलट फिरणार, हे तिने किती मुलांना फळ्यावर काढून दाखवलं होतं. केबलच उलटी फिरत होती. मध्ये तिसरं चाक हवं, आणि ते तिच्या कागदावर नव्हतंच.

"तुमी जसं लिहून दिलं तसं केलं, मॅडम," तिने डबी परत नेली तेव्हा श्यामसुंदर शांतपणे म्हणाला. या वेळी चूक तिची होती, आणि तिला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा आला.

आणखी तीन दिवस. तिसरं चाक बसलं. फोन चाळीस, काटा चाळीस. फोन साठ, काटा साठ. पाम बीचला खरोखरच्या साठने जाताना शोएबने दाराचं हँडल पकडलं.

"मी तो गिअरबॉक्स तुझ्या खांद्यासाठी बदलला होता," तो जरा वेळाने म्हणाला. "वरचा दांडा ओढताना तू दर वेळी डोळे मिटायचीस. मला बघवत नव्हतं."

खांदा खरंच दुखत नव्हता, कितीतरी दिवस. ते नफिसाच्या आत्ता ध्यानात आलं. एवढं सरळ बोलायला याला सहा महिने लागले.

"विचारायचं होतंस," ती हलकेच म्हणाली.

"बरं, मग आता विचारतो. एसी बसवू या? एका दोस्ताकडे कॉम्प्रेसर पडलाय. दुसऱ्या गाडीचा आहे, पण ॲडजस्ट होईल."

नफिसाने इंडिकेटर दिला आणि गाडी कडेला थांबवली.

"उतर."

"आपा, मस्करी करतेस?"

"उतर, शोएब."

तो हसत उतरला. गाडी सुटली तेव्हा त्याचं हसू गेलं. नफिसा पुढच्या सिग्नलपर्यंत गेली, तिथून वळली, मोठा फेरा घेऊन परत आली. शोएब फुटपाथच्या कठड्यावर बसला होता, मांडीवर सोललेल्या शेंगांची टरफलं.

तो आत बसला आणि उरलेल्या शेंगांची पुडी तिच्यापुढे धरली. नफिसाने दोन उचलल्या.