निकाल शेकडा शंभर

श्रावणातल्या सोमवारी मी दुपारी बारापर्यंत मौन पाळते. हे सगळ्या संस्थेला ठाऊक होतं. म्हणूनच केंद्रप्रमुख सावळीराम सरांनी तपासणी समिती सोमवारी साडेदहालाच बोलावली, असं आता वाटतं.

घोटीजवळच्या आमच्या शिवणकाम प्रशिक्षण केंद्राला अठ्ठ्याण्णव साली मान्यता वाढवून हवी होती. समिती निकाल पाहणार होती, आणि आसपासच्या गावांतून मुली किती येतात, का गळतात, तेही. सरांनी वीसपैकी सहा कच्च्या मुलींची नावं परीक्षेआधीच पटावरून काढली. चौदा बसल्या, चौदा पास. मग गावोगावची साक्षरता, लग्नाचं वय, असले आकडे तक्त्यात भरून खाली लिहिलं, ‘मागास परिसर. सहा मुलींनी स्वतःहून सोडले.’

त्या सहांतल्या चंद्रभागानं सोडलं नव्हतं. भातलावणीत तिचे अठरा दिवस बुडाले होते, एवढंच. शनिवारी ती माझ्या घरी आली.

“बाई, समितीला सांगा, मी गेली नाय, मला काढलं. पुरवणीला तरी बसू देतील. नायतर घरचे यंदा उजवूनच टाकतील.”

“सांगते गं. सोमवारी येतायत ना, तेव्हाच सांगते,” मी म्हणाले. वार तोंडानं उच्चारला, तरी ध्यानात आला नाही.

समितीतल्या मॅडमनी तक्ता वाचून मला विचारलं, “बाई, या सहाही जणी आपणहून गेल्या?”

टेबलावर पेन होतं. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. पण खूण केली, लिहिलं, तरी मौन मोडतं, असं मला आईनं शिकवलेलं.

सर हसले. “बाईंचं मौन आहे, मॅडम. श्रावणी सोमवार.”

“अय्या, किती कडक!” मॅडमनी मला चक्क हात जोडले. “म्हणजे बाईंची काही हरकत नाही,” असं म्हणत सही केली.

बाराला मी शंकराचं नाव घेऊन मौन सोडलं. समितीची जीप तोवर गेली होती. चंद्रभागा बाहेर नळापाशी उभी होती.

“बोलल्या ना, बाई?”

“आज सोमवार होता गं.”

“मंग शनिवारीच सांगायचं ना. मी दुसऱ्या कुणाचे पाय धरले असते.”

मार्गशीर्षात तिचं लग्न झालं. मला बोलावणं नव्हतं.