तेरा महिन्यांचं वर्ष

"तीन तारखेला कसं होईल, हंबीरराव?" आप्पाजी भटजींनी पंचांगातून मान वर न काढता विचारलं. "बाईंची तिथी आषाढ शुद्ध अष्टमी. ती यंदा बावीस जुलैला येते."

हंबीररावांच्या हातात वर्षश्राद्धाच्या सामानाची यादी होती. "पण गेल्या वर्षी ती तीन जुलैला गेली."

"गेल्या वर्षी. यंदा मध्ये अधिक ज्येष्ठ आला की. तेरा महिन्यांचं वर्ष आहे हे."

आप्पाजींच्या यशवंतपूरच्या त्या अरुंद खोलीत हंबीररावांनी यादीची घडी घातली. सगळं एकाला एक जोडून ठेवलं होतं. शुक्रवारी तीन तारखेला बायकोचं, संयोगिताचं, वर्षश्राद्ध. शनिवारी सासूबाईंना होसकोट्याला त्यांच्या पुतण्याकडे, अजितकडे, पोचवायचं. सोमवारपासून रजा आणि मंगळवारी हानोईचं विमान. तिथून पुढं जमेल तसं, जमेल तितके देश, वर्षभर.

बेत दोघांचा होता. कंपनीत वीस वर्षं झालेल्यांना एक वर्षाची बिनपगारी रजा मिळायची. ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाली नाही, तर यादीतल्या पुढच्या माणसाला जायची, आणि आपली पाळी पुन्हा दोन वर्षांनी. संयोगिता गेली, तरी हंबीररावांनी बेत मोडला नाही. दोन वर्षांनी आपल्याच्यानं निघवणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"आधी उरकता येत नाही का?"

"घरात लग्न ठरलं असेल तर अलीकडं ओढून घेतात लोक. पण थोरामोठ्यांनी हो म्हटलं पाहिजे." आप्पाजींनी आता मान वर केली. "सोयराक्का काही बोलल्या नाहीत? त्यांना तर मी पाडव्यालाच सांगितलं होतं. बावीस तारीख माझ्याकडून लिहून नेली त्यांनी."

पाडवा मार्चमध्ये झाला. तिकीट काढलं एप्रिलमध्ये.

सोयराबाई हंबीररावांच्या सासूबाई, आणि त्याआधी सख्खी आत्या. आत्याची मुलगी करायची रीत त्यांच्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. संयोगिता तिची एकुलती एक. नवरा वारल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, आत्या त्यांच्याचकडे होती.

घरी आले तेव्हा ती घेवडा मोडत बसली होती.

"आत्या, तिथी बावीस तारखेला आहे म्हणे."

"हं."

"तुला ठाऊक होतं."

"भिंतीवरच्या कॅलेंडरलाही ठाऊक होतं. तू बघितलं नाहीस."

"तिकीट काढलं तेव्हा तू शेजारी बसली होतीस. सरी, चालेल, म्हणालीस."

"तू विचारलंस कुठं? तू सांगितलंस. सांगितल्यावर माणूस सरीच म्हणतो."

हंबीररावांनी आवाज चढू दिला नाही. "आप्पाजी म्हणतात, तीन तारखेला करता येईल. तू फक्त हो म्हण."

"घरात लग्न आहे का कुणाचं?" आत्यानं शेंगेची शीर ओढून काढली. "दिवस आहे तो दिवस आहे. ती काय आमंत्रण बघून जेवायला येते, आधी बोलवायला?"

"मग माझी रजा जाते."

"जाऊ दे. नोकरी कुठं जाते?"

 रात्री जेवताना आत्यानं भातावर सारू वाढायला पळी पुढं केली, तर हंबीररावांनी ताटावर हात आडवा धरला.

दुसऱ्या दिवशी ते रजेचा अर्ज मागं घ्यायला सोनमकडे गेले. सोनम मूळची पुण्याची. कंपनीतल्या सगळ्यांच्या रजा तीच बघायची. तिनं ऐकून घेतलं आणि ती गोंधळली.

"पण सर, लीव्ह सहा तारखेपासूनच स्टार्ट होतेय ना? मग प्रॉब्लेम काय आहे? लीव्हवर असताना तुम्ही घरी बसा नाहीतर हानोईत, कंपनी विचारत नाही. तिकीट पुढं ढकला फक्त."

हंबीरराव ओशाळले. बावीस वर्षं यंत्रांच्या सुट्या भागांची मापं तपासण्यात गेली, केसाएवढा फरक नजरेतून सुटत नसे. पण रजा आणि विमान यांची मनात एकच गाठ मारून ठेवली होती. ती सुटी करता येते, हे काही सुचलं नव्हतं.

अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून ते घरी आले. चपला काढता काढताच म्हणाले, "सुटलं, आत्या. अष्टमी करतो आणि चोवीसला निघतो."

तिला बरं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. आत्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

"आणि महालय?"

"अजित करील."

"पहिला महालय पुतण्याच्या हातून?"

"त्याला मी सांगतो."

"दिवाळीला दारात पणती कोण लावील?"

"आत्या," हंबीरराव खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "हे तिथीचं नाही ना?"

तिनं हातातल्या साडीची घडी पुरी केली. मग म्हणाली, "अजितची बायको मला पाहुण्यांच्या कपात कॉफी देते. चार दिवस बरं वाटतं. वर्षभर त्या कपात कॉफी कशी प्यायची?" घडी घातलेली साडी तिनं उलगडली आणि पुन्हा घातली. "अधिक महिन्याच्या भरवशावर बसले होते मी. मार्चपासून. तेही एका दिवसात गेलं."

"वर्षानं येतोच की मी."

"परतीचं तिकीट दाखव."

परतीचं तिकीट नव्हतं. एप्रिलमध्ये ट्रॅव्हल्सवाल्यानं विचारलं होतं, तेव्हा ते नको म्हणाले होते.

"येणार आहेस का?"

हंबीररावांना खोटं बोलवेना. "आज सांगता येत नाही. संध्याकाळी या दाराला किल्ली लावायला हात उचलत नाही माझा."

"माझं काय मग? मी दिवसभर आतच असते."

आत्यानं फोन उचलून होसकोट्याला लावला. "अजित, मी येत नाही. खोली रिकामी करू नकोस. नाही रे, तब्येत बरी आहे." फोन ठेवून ती हंबीररावांकडे वळली. "मी इथंच राहणार. तू जा नाहीतर राहा."

"एकटी? आणि इन्सुलिन कोण देणार?"

"खालच्या मजल्यावर धनलक्ष्मी आहे, नर्सच आहे ती. तिला वेळ नसेल त्या दिवशी माझी मी टोचून घेईन."

त्यांनी आता 'राहू दे, जात नाही' म्हणावं, याची ती वाट बघतेय, हे हंबीररावांना दिसत होतं. ते शब्द तोंडाशी आलेही. एकदा म्हटले की संपलं. दोन वर्षांनी काही नाही आणि दहा वर्षांनीही काही नाही.

"मी जाणार, आत्या," ते म्हणाले.

त्यांनी तिच्यासमोरच इथल्या शिवाजीनगरच्या कानडी ट्रॅव्हल्सवाल्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. सात तारखेचं तिकीट चोवीसवर न्यायला सांगितलं.

"आगुत्ते सर, होईल. नुसतं जायचंच ना? की रिटर्न पण?"

हंबीररावांनी आत्याकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती.

"परतीचंही काढा."

"तारीख?"

"आत्या, तारीख विचारतोय."

"मला कशाला? विमानात मी बसणार आहे?"

"तू सांग."

पलीकडं कळफलकाची टकटक ऐकू येत होती. आत्यानं मांडीवरची साडी बाजूला ठेवली. "संक्रांतीच्या आधी," ती म्हणाली. "पुढच्या सहा महिन्यांचं काय करायचं ते आल्यावर तुझं तू बघ."

हंबीरराव लगेच हो म्हणाले नाहीत. वर्षाचं निम्मं कापलं जात होतं, आणि उरलेलं निम्मं पुन्हा मिळेल का, हे ना ती सांगत होती, ना त्यांना विचारायचा धीर होत होता.

"सर, लाइनवर आहात ना?"

"दहा जानेवारी," हंबीरराव म्हणाले.

"सरी सर. फायनल करू?"

नंतर तारीख बदलता येते का, हे विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. समोर आत्या बसलेली होती. "करा," ते म्हणाले.