तळघराचा वाटा

विमेवाल्याने पातेल्यात हात घातला, पण चिठ्ठी लगेच उचलली नाही. बाजारात काकडी कोवळी आहे की जून ते बघावं, तशा त्याने तिन्ही चिठ्ठ्या दोन बोटांत एकेक करून दाबून पाहिल्या. पहिली सोडली, दुसरी सोडली, तिसरीवर थोडा थांबला आणि पुन्हा पहिलीकडे आला. नशीब आजमावायला इतका वेळ लागत नाही.

"वरचा मजला," तो म्हणाला, आणि चेहऱ्यावर आश्चर्य आणलं. आश्चर्य आधी आलं, चिठ्ठी नंतर उलगडली.

मग धाकट्या भावाचा हात आत गेला. त्याचं न्हाणीघराच्या सामानाचं दुकान होतं, म्हणून घरात सगळे त्याला नळवाला म्हणत. त्याने बोटं चालवली, मधला मजला काढला आणि ताईकडे न बघता चिठ्ठी खिशात घातली. पातेल्यात उरलेली चिठ्ठी ताईने उचलली. घडी घट्ट होती. वरच्या मजल्याला दोन घड्या, मधल्याला तीन, तळघराला चार. विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारण्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाचं काम असं टापटीप असतं.

"तळघर," ती म्हणाली. "बरं."

तिचं 'बरं' विमेवाल्याला जरा खटकलं. तो रडारडीची तयारी करून आला होता. ताईची समजूत कशी काढायची याची वाक्यंही त्याने बायकोसमोर म्हणून पाहिली होती. ती वाया गेली. बायको मात्र वेळ वाया घालवणाऱ्यांतली नव्हती. वरच्या मजल्याच्या खिडक्यांची मापं तिने गुरुवारीच घेतली होती, आणि चिठ्ठ्या निघाल्या त्या रविवारी.

वडिलांनी मागे ठेवलेला कागद एका पानाचा होता. घराचे तीन मजले, तीन मुलं. ग्रीकांच्या गोष्टीतल्या तीन भावांनी बापामागे जग वाटून घेतलं, तसं चिठ्ठ्या टाकून वाटून घ्यावं. एकाला आकाश आलं, एकाला समुद्र, एकाला पाताळ. ज्याला जे येईल त्याचा तो धनी, आणि त्याच्या हद्दीत बाकीच्यांनी विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. खाली सही.

"जाता जाताही पेपर काढून गेले," विमेवाला म्हणाला होता. नळवाला हसला होता. त्याला भावाच्या विनोदावर हसायची लहानपणापासून सवय होती.

वडिलांनी कॉलेजात चौतीस वर्षं जगभरच्या पुराणकथा शिकवल्या. सुरुवातीला वर्गात चाळीस पोरं असत, शेवटी चार उरली, आणि त्यातली दोन पंख्याखाली बसायला येत. दरवर्षी कोणीतरी विचारायचंच, सर, याचा आज उपयोग काय. ते म्हणत, उपयोग नसता तर लोक केव्हाच विसरले असते. चिरलेली बादलीसुद्धा माणूस तीन हजार वर्षं सांभाळत नाही. कॉलेजात न खपलेल्या गोष्टी ते घरी जेवताना वाढत. मुलगे पानातलं संपवून उठत. ताई बसून राही, कारण भांडी तिलाच उचलायची असत.

आई गेल्यावरची अकरा वर्षंही तिनेच काढली. हॉस्पिटलात एक्स-रे काढायची आणि घरी येऊन वडिलांचं अंग पुसायची. भाऊ सणासुदीच्या पाहुण्यासारखे येत, फळं ठेवत, आणि निघताना तिला सांगत की बाबा वाळलेत, नीट लक्ष दे. वडील गेल्यावर दोघांनी मिळून तिच्यासाठी हॉस्पिटलाजवळ भाड्याची एक खोली पाहून ठेवली. एकटीला किती जागा लागते, असं नळवाला म्हणाला होता. घर पाडून तिथे मोठी इमारत उठवायला तयार असलेला बिल्डरही पाहून ठेवला होता. तळघर अंगावर पडलं की ताई आपणहून कंटाळून सही देईल आणि खोलीत जाईल, असा दोघांचा हिशेब. बावन्नाव्या वर्षी तिला एकच गोष्ट हवी होती: जिथून तिला कोणी 'आता ऊठ' म्हणू शकणार नाही असं एक दार. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. विचारलंही कोणी नव्हतं.

चिठ्ठ्या काढायच्या आधी मात्र ती एक वाक्य बोलली होती. मोठी म्हणून पहिला हात तिचा होता. ती म्हणाली, तुम्ही दोघं आधी घ्या, मला काय, उरेल ते चालेल. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं होतं. देवानेच बुद्धी दिली, असं वहिनी, म्हणजे विमेवाल्याची बायको, नंतर म्हणाली.

ताई पुढच्याच आठवड्यात खाली राहायला गेली. वडिलांची पुस्तकं, एक पलंग, शेगडी, दोन खुर्च्या. तळघराला जमिनीलगत तीन आडव्या खिडक्या होत्या. त्यातून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय दिसत. तिला त्याचं काही वाटलं नाही. हॉस्पिटलातला एक्स-रे विभागही तळघरातच होता, आणि सत्तावीस वर्षं तिने बघितलं होतं की खाली येणारा माणूस पायरीपायरीने लहान होत येतो. घड्याळ काढा, अंगठी काढा, साखळी काढा, श्वास रोखा. एकदा वडील तिथे बाकावर बसून हे बघत राहिले होते. मग म्हणाले, आपल्याकडे सात दारं नाहीत, एवढाच फरक. मेसोपोटेमियातली एक राणी पाताळात उतरली तेव्हा दर दाराशी तिचा एकेक दागिना उतरवून घेतला होता, ती गोष्ट त्यांनी मग रांगेतल्या दोन पेशंटांनाही ऐकवली.

दारावर तिने नवीन कुलूप घातलं. चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरचं पाणी सकाळी दहालाच संपलं.

तोवर हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पाण्याची टाकी तळघरात, पंप तळघरात, विजेचे मीटर तळघरात, सांडपाण्याचा मोठा पाइप तळघरात. तीस वर्षं हे सगळं जिथे होतं तिथेच होतं, पण ज्याचं काम बिनबोभाट चालतं ते कोणी मोजत नाही. ताई सकाळी सहाला पंप लावी, सातला बंद करी, कुलूप घाली आणि कामावर जाई. वहिनीचं कपड्यांचं मशिन साबणात थांबलं. नळवाल्याच्या मजल्यावर पाइप गळून न्हाणीत घोट्याएवढं पाणी साठलं, आणि जगाला नळ विकणाऱ्या माणसाला ते बंद करायची मुख्य तोटीही तळघरात कुलपाआड आहे हे बायकोने विचारल्यावर कळलं. दोघांनी ताईला फोन केले. ती म्हणाली, कामावर आहे, पेशंट उभा आहे.

"वन्सं, एक किल्ली आमच्याकडे देऊन ठेवा," वहिनी संध्याकाळी जिन्यात म्हणाली. आवाजात मध होता, पण तो पातळ होता.

ताईने सांगितलं की बाबांच्या कागदात किल्लीचा उल्लेख नाही. आणि पिशवी सावरत खाली उतरली.

ताईच्या आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी, विमेवाला खाली आला. पाचव्या पायरीवर त्याच्या फोनची रेंज गेली. दार ठेंगणं होतं, कपाळ आपटलं. बूट बाहेर काढावे लागले, कारण ताईने नुकतीच फरशी पुसली होती. तो आत आला तेव्हा मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, आणि ते दोघांनीही पाहिलं.

तिने त्याला खुर्ची दिली आणि शेगडीवर पातेलं ठेवलं. त्याने फाइल मांडीवर घेतली. आधी तो प्रेमाने बोलला. इथे ओल आहे, तुझे सांधे दुखतील, रात्री-अपरात्री काही झालं तर हाक कोणाला मारशील. मग आकडे सांगितले. बिल्डर वाढवून द्यायला तयार आहे, तिचा वाटा बरोबरीने, शिवाय त्या खोलीचं दोन वर्षांचं भाडं भाऊ भरतील. सगळं बोलून त्याने कागद टेबलावर सरकवला आणि पेन उघडून त्यावर आडवं ठेवलं. पेन उघडं ठेवलं की माणूस सही करतो, हे त्याच्या धंद्यातलं ज्ञान होतं.

ताईने पेनाला टोपण लावलं.

"तुला हेच पाहिजे होतं," तो म्हणाला. "पहिल्यापासून. उरेल ते चालेल म्हणे. पाताळयंत्री आहेस तू, ताई."

"घड्या मी घातल्या नव्हत्या."

खिडकीतून एक चपलांचा जोड गेला, मागून छोट्या चाकांची बॅग गेली.

"कसल्या घड्या?"

"दोन, तीन आणि चार." तिने चहा गाळायला घेतला. "धाकट्याला तू मोजायला शिकवलंस हे बरं केलंस. शाळेत त्याला जमत नव्हतं."

विमेवाल्याचा चेहरा लाल झाला, आणि लाल झाला हे कळून आणखी लाल झाला. मग तो जे बोलला ते बरीच वर्षं साठवलेलं असावं, कारण एकदा बूच निघाल्यावर थांबेना. की बाबांनी आयुष्यभर परक्यांच्या देवांची धुणी धुतली आणि घरच्यांना उपाशी ठेवलं. की इतर मुलांचे बाप त्यांना परीक्षेला सोडायला जात, आमचा बाप जेवताना कुठल्यातरी मेलेल्या राजांची आतडी मोजत बसे. की त्या भाकडकथांनी कोणाचं एक बिल भरलं गेलं नाही. की तिने बाबांची सेवा केली ती काही पुण्याईने नाही, तिला जायला दुसरं ठिकाणच नव्हतं.

शेवटचं वाक्य बाहेर पडल्यावर तो स्वतःच थोडा दचकला. पण परत घेतलं नाही. नाकारलेला दावा पुन्हा उघडायचा नसतो.

ताईने दोन कप टेबलावर ठेवले. हात हलला नाही. पेशंटला हलू नका म्हणणाऱ्या माणसाचा हात हलून चालत नाही.

"ती गोष्ट आठवते तुला?" ती म्हणाली. "तीन भावांची. बाबा शेवटी काय विचारायचे?"

"मला काही आठवत नाही."

"वरचा सगळ्यांना दिसतो, मधल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो. पण सगळे शेवटी कोणाकडे येतात?" तिने साखरेचा डबा त्याच्याकडे सरकवला. "तुम्ही तोवर पानावरून उठलेले असायचात. सही मी करणार नाही. आज नाही, उद्या नाही. पंप सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास लावीन. जास्त पाहिजे तर खाली येऊन मागायचं, तुम्ही दोघांनी. बायकांना पाठवायचं नाही."

त्याने सही न झालेला कागद फाइलमध्ये परत ठेवला. हे संपलं होतं, आणि आपण जिंकलो हे तिला कळत होतं. कळलं की बरं वाटेल असं तिला इतके दिवस वाटत होतं.

"चहा घे," ती म्हणाली. "निवतोय."

त्याने कपाकडे पाहिलं. वरती सकाळी दहापासून थेंब नव्हता, त्याचे ओठ सुकलेले होते, बोलताना दोनदा त्याने ते जिभेने ओले केले होते. त्याने हात पुढे केला. बोटं कपाच्या कानापर्यंत गेली. आणि तिथेच थांबली.

"नको."

"साखर कमी घातलीय."

"तसं नाही."

"मग?"

तो उत्तर शोधू लागला. आत्ताच घेऊन आलो म्हणावं, तर वर पाणीच नव्हतं. पित्त म्हणावं, तर हिला त्याच्या पोटाचा लहानपणापासूनचा इतिहास ठाऊक होता. त्याने एका बोटाने कप हळूच दूर ढकलला, जळत्या वस्तूला ढकलावं तसा. आणि मान वर करून भिंतभर लागलेल्या पुस्तकांकडे एकदा पाहिलं, चोरून, कोणीतरी तिथे उभं असल्यासारखं.

तेव्हा ताईला कळलं. पाताळात नेलेल्या त्या मुलीची गोष्ट. आईने तिला सोडवून आणलं खरं, पण खाली असताना तिने डाळिंबाचे चार दाणे तोंडात टाकले होते. तेवढ्यावरून ती तिथली झाली. दरवर्षी तिला परत उतरावं लागलं. खालचं काही खायचं नाही, प्यायचं नाही. म्हणजे हा पानावरून उठायचा, पण दाराआड उभा राहून ऐकायचा.

तिला त्याला नुसता चहा द्यायचा होता.

"जातो," तो म्हणाला. फाइल उचलली, पेन विसरला, परत येऊन घेतलं. दारात वाकला, या वेळी कपाळ आपटलं नाही. बूट घालताना त्याची पाठ तिच्याकडे होती. पायऱ्या त्याने भरभर चढल्या, आणि वर पोचेपर्यंत एकदाही मागे पाहिलं नाही.

खिडकीतून त्याचे बूट गेले. मग तिने त्याचा कप स्वतःकडे ओढला. चहावर साय धरली होती. ती तिने बोटाने बाजूला केली आणि तो चहा सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्याली.