अल्बमातली नजर

माझ्या लग्नाचा अल्बम करणाऱ्या फोटोग्राफरचं नाव मी 'उद्याशेठ' ठेवलं होतं. फोन केला की ठरलेलं उत्तर, "ताई, उद्या नक्की!" कधी मशीन बिघडलेलं, कधी कारागीर सुट्टीवर, कधी ह्याचीच कंबर धरलेली. अहो, एवढ्या अवधीत लोकांना मुलं होतात!

मला स्वतःला अल्बमची हौस नव्हती. घाई होती ती बाबांच्या डोळ्यांपायी. लग्नाआधीच त्यांना अंधुक दिसायला लागलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता, "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली किती टिकेल, सांगता येत नाही." मोबाईलवर फोटो दाखवायला गेलं की बाबांना उजेड टोचायचा, डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. "कागदावरचे आण गं, ठमे," म्हणायचे. "खिडकीत बसून सावकाश बघेन. नवरी झालेली तू एकदा डोळे भरून बघायचीय, बस." एवढंच मागणं माणसाचं, आणि तेही ह्या उद्याशेठच्या हातात!

मी भांडले, गोड बोलले, नवऱ्याला पाठवलं. पालथ्या घड्यावर पाणी. तोवर इकडे बाबांचे पेपरातले मोठे मथळे गेले. मग कपाचा कान सापडेना. आणि एके दिवशी सकाळी मी चांगली समोर उभी, तर बाबांनी विचारलं, "कोण आलंय?"

तशीच चप्पल घालून निघाले ती थेट स्टुडिओत. भिंतभर दुसऱ्यांच्या नवऱ्या हसत होत्या, आणि त्यांच्याखाली उद्याशेठ चष्मा कपाळावर चढवून कॉम्प्युटरसमोर बसला होता.

"आता करा अल्बम निवांत," मी ओरडले. "माझे बाबा आंधळे झाले तुमच्या 'उद्या'ची वाट बघून!"

त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "ताई, आजवर तुमच्या शिव्या खाल्ल्या, पण आता बोलतो. तुमच्या आईच फोटो पास करेनात."

त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवला. मी सासरी निघतानाचा फोटो. मी गाडीत बसतेय, मागे वळून हात हलवतेय. दोन हातांवर बाबा उभे, रुमाल डोळ्यांना लावलेला, आणि बघतायत माझ्या मावसबहिणीकडे. तिनेही त्या दिवशी लालच नेसलं होतं. त्याने पुढचा फोटो उघडला, त्याच्या पुढचा उघडला. एकातही बाबांची नजर माझ्यावर नव्हती.

"आई म्हणाल्या, ह्यांचे डोळे मुलीकडे वळवून द्या. दिले. तर म्हणाल्या, चिकटवल्यासारखे दिसतात. पुन्हा केले, पुन्हा नापसंत. वर मला तंबी, मुलीला कळता कामा नये."

घरी आले तर आई भाजी चिरत होती. मी तोंड सोडलं, "अगं, काय केलंस हे?"

तिने विळी बाजूला ठेवली. "मुलगी डोळ्यांसमोरून गेली आणि आपण भलतीकडेच बघत होतो, हे त्यांनी अल्बमात बघितलं असतं, तर जीव तुटला असता गं त्यांचा. मला वाटलं, अजून वेळ आहे." आणि ती रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी उद्याशेठ स्वतः अल्बम घेऊन आला. वरातीमागून घोडं! बाबा खिडकीतल्या खुर्चीत बसले, अल्बम मांडीवर घेतला, गुळगुळीत पानांवरून हात फिरवला.

"निघतानाचा फोटो कुठला?"

मी त्यांचं बोट त्या फोटोवर टेकवलं. फोटोतली त्यांची नजर होती तशीच, मावसबहिणीकडे. त्यांनी आवाज खाली आणला, "तुला म्हणून सांगतो, आईला बोलू नकोस. त्या दिवशी मला तू दिसलीच नाहीस, ठमे. लाल लाल काहीतरी हललं, तेवढंच. बाकी सगळं नाटक."

आई दारातच उभी होती, ओल्या हातांनी.

"काहीतरीच काय बाबा!" मी म्हणाले. "इथे तर तुम्ही माझ्याकडेच बघताय. अगदी माझ्या तोंडाकडे."

"खरंच? शपथ?"

"तुमची शपथ."

केवढे खुलले ते! "म्हणजे दिसली होतीस की! आणि मी वेडा इतके दिवस जिवाला खातोय!" असं म्हणून त्यांनी डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या. आठवायला लागले. बोट फोटोवर तसंच.

बराच वेळ गेला. मग चाचपडत त्यांनी माझा हात धरला.

"मग मला आठवत का नाही गं? डोळे गेले ते गेले, ठमे. आता डोकंही चाललं का माझं?"

मी शपथ घेऊन बसले होते. आई दारातून आत आली नाही.