बाबांच्या पायाचा नंबर

तेरवी परवावर आली, आणि आईने मला बूट आणायला पिटाळलं.

आमच्याकडे तेरवीला गेलेल्या माणसाच्या नावाने छत्री, गादी, तांब्या आणि पायातलं देतात. पायातलं मात्र त्याच्याच मापाचं लागतं. ज्याला द्यायचं, त्याने ते घालून फाटकापर्यंत चालून दाखवायचं. पुढच्या वाटेवर काटे असतात म्हणे. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, पण आईपुढे हे बोलायची माझी टाप नाही.

"चप्पल नको आणू, केदार. बूटच आण," आई म्हणाली. "त्यायनं कधी चप्पल घातली का?"

खरंच होतं. बाबा स्टील प्लांटमध्ये फिटर होते. प्लांटमधून मिळालेले काळे सेफ्टी शूज घालूनच ते भाजी आणायचे, गणपतीची आरती करायचे आणि माझ्या लग्नातही ते तसेच वावरले. वर चालणं फरफटत. फटक, फटक. प्लांटच्या सेक्टर दोनमधल्या क्वार्टरमध्ये राहत असताना तो आवाज आला की शेजारच्या बाया हाका मारायच्या. कुणाचा सिलेंडर चढवून द्यायचा असायचा, कुणाच्या पोरीला परीक्षेला दुर्गला सोडायचं असायचं. बाबांना नाही म्हणता यायचंच नाही. मला त्याचा संताप यायचा. मी त्यांच्या चालण्याची नक्कल करायचो. घरभर फटक फटक करत फिरायचो आणि सगळे हसायचे. सगळ्यात जास्त बाबाच हसायचे.

सुपेल्याच्या दुकानात दुकानदाराने विचारलं, "नंबर?"

शाळा उघडायच्या आधी बाबा वर्तमानपत्रावर माझं पाऊल ठेवून पेन्सिलने आखायचे आणि ते कापून खिशात घालून बाजारात जायचे. पेन्सिलीच्या गुदगुल्या मला अजून आठवतात. आणि मला त्यांच्या पायाचा नंबर माहीत नव्हता. साधी मोज्यांची जोडीसुद्धा मी त्यांना कधी आणून दिली नव्हती.

तसाच रिसालीला घरी परतलो. बाबांचे बूट जिन्याखाली होते. नाड्यांखालच्या जिभेवर छापलेलं होतं, नऊ. माझाही नऊच. बापलेकाचा पाय एक, म्हणून जरा बरं वाटलं. पुन्हा जाऊन दुकानातला सगळ्यात महागडा बूट घेतला. स्वतःच्या पायात घालून पाहिला. अगदी बेतशीर बसला.

आईने खोकं उघडलं आणि माझ्याकडे पाहतच राहिली.

"हे तर तुया पायाचे दिसतात."

"आई, त्यांच्या बुटावर नऊच आहे. मी पाहून आलो."

ती जिन्याखाली गेली, बाबांचा एक बूट घेऊन आली आणि त्यात हात घालून कॉटन वेस्टचा गोळा बाहेर काढला. मशीन पुसायच्या चिंध्या, दाबून दाबून दगडासारख्या झालेल्या.

"त्यायचा पाय सातचा. तुले पॉलिटेक्निकात वर्कशॉपसाठी बूट पाहिजे होते ना? तवा त्यायनं प्लांटच्या स्टोअरमध्ये नऊ लिहून देला, अन् आलेले बूट तुले देले. मंग दरसाली नऊच येत गेला."

"बाबा तर म्हणाले होते, एक्स्ट्रा भेटले म्हणून!"

"मी म्हटलं, बदलून घ्या. तर म्हणे, आता सात कसा सांगू? माणसाचा पाय का लहान होते?" आई हसली आणि हसता हसता तिने पदर तोंडाला लावला.

"मग मला कावून नाही सांगितलं?"

"सांगू देत होते का ते?"

मी गोळा हातात घेतला. त्यावर बाबांच्या पायाच्या अंगठ्याचा खळगा होता. मी ज्याची नक्कल करत होतो ते काय होतं, हे मला तेव्हा कळलं. लाज वाटली म्हणणं फार कमी आहे. बाबा गेल्यावरसुद्धा मी त्यांना त्या वाटेवर माझ्या मापाच्या बुटात ढकलायला निघालो होतो.

"राहू दे बाबू," आई म्हणाली. "तू आणले म्हणून त्यायनं हेही घातले असते."

ते ऐकून मला घरात थांबवेना. खोकं उचललं आणि सुटलो. दुकानदार म्हणाला, "सात नहीं है भैया, आठ ले जाओ. मोज़ा पहन लेंगे, चल जाएगा."

"नहीं चलेगा!" मी इतक्या जोरात ओरडलो की दुकानातली गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. बिचाऱ्याचा काय दोष? शेवटी दुर्गच्या बाजारात सात मिळाला. साधाच, काळा.

तेरवीला आईने ते बूट विष्णुकाकांना द्यायला सांगितले. ते बाबांसोबत एकाच पाळीत काम करायचे आणि त्यांचाही पाय सातचा. मी खाली बसलो आणि त्यांच्या नाड्या बांधल्या. ते "अरे, अरे" करत पाय मागे घेऊ लागले. मी सोडलं नाही.

विष्णुकाका उठले आणि अंगणातून फाटकाकडे चालू लागले. पाऊल उचलून, सरळ, हलकं. कान देऊनही आवाज आला नाही.

"तू कॉलेजात जायच्या पहिले तुये बाबा असेच चालत," आई माझ्या मागून म्हणाली. "आठवते ना तुले?"

मी विष्णुकाकांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिलो. मला आठवत नव्हतं.